बिल्टीविना निघालेले घर

घर हलवण्याच्या व्यवहारात एक रेषा असते. सामान घरात आहे तोवर सगळा जोर गिऱ्हाइकाकडे असतो. दर पटला नाही तर गाडी परत पाठवता येते, दुसऱ्याला बोलावता येते, चार दिवस थांबता येते. शेवटचे खोके चढून गाडीचा फाळका बंद झाला की तोच जोर पलीकडच्या बाजूला जातो. कपाट, गाद्या, भांडी, मुलांची पुस्तके असा सगळा संसार अनोळखी माणसाच्या ताब्यात असतो आणि तो माणूस रस्त्याला लागलेला असतो. 'पॅकर्स अँड मूव्हर्स'च्या नावाने होणारी बहुतेक फसवणूक याच रेषेभोवती फिरते. रेषेच्या अलीकडे गोड बोलायचे आणि पलीकडे अडवायचे, एवढीच तिची रीत. म्हणून कंपनी चांगली की वाईट हे पारखणे दुय्यम ठरते. फाळका बंद होण्याआधी गिऱ्हाइकाच्या हातात कोणता कागद आला, हा खरा प्रश्न आहे.

वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. हा जिल्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान 1969 पासून आणि सावंगी मेघे इथले वैद्यकीय महाविद्यालय 1990 पासून देशभरातले विद्यार्थी आणि डॉक्टर आणत आली आहेत. शिक्षण वा नोकरी संपली की त्यांतले बरेच जण संसार बांधून निघतात. हिंदी विश्वविद्यालयात परप्रांतांतले अध्यापक येतात. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारामुळे लष्करी आणि नागरी कर्मचाऱ्यांच्या बदल्या होतच असतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या 2005 च्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत होतात. त्यामुळे विदर्भाच्या ऐन उन्हाळ्यात, शाळांच्या सुट्टीत, सगळ्यांना एकदमच गाडी लागते. हाती आदेश पडलेला, रुजू होण्याची तारीख ठरलेली, नवे गाव अनोळखी. अशा घाईत चौकशीला वेळ उरत नाही आणि फसवणाऱ्याला नेमके हेच गिऱ्हाईक हवे असते.

जिल्ह्याच्या आतली हलवाहलव इथे बाजूला ठेवता येते. आर्वीहून वर्ध्याला किंवा देवळीहून पुलगावला जायचे असेल तर गल्लीतला मेटॅडोर किंवा छोटा हत्ती आणि ओळखीचे दोन हमाल पुरतात. त्या गाडीवाल्याकडे नोंदणीचा कागद बहुधा नसतो, तरी हा सौदा सुरक्षित असतो. त्याचे घर कुठे आहे हे ठाऊक असते, उद्या तो त्याच चौकात उभा राहणार असतो, आणि घरचा एक माणूस गाडीत चालकाशेजारी बसून जातो. चारशे-सातशे किलोमीटरच्या प्रवासात या तिन्ही गोष्टी नाहीशा होतात. हैदराबाद, पुणे, मुंबई किंवा त्याहून लांब जाणाऱ्या सामानाला ओळखीचा आधार नसतो, म्हणून तिथे कागदाचा आधार उभा करावा लागतो.

फोनवर बोलणारा माणूस आणि गाडी चालवणारा माणूस यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही, हे अनेकांना माहीत नसते. इंटरनेटवर 'वर्धा पॅकर्स अँड मूव्हर्स' असे शोधले की दिसणारी कित्येक नावे स्वतः वाहतूक करत नाहीत. ती चौकशी गोळा करतात आणि गिऱ्हाइकाचा नंबर पुढे विकतात. पाच मिनिटांत पाच-सहा फोन येतात ते त्यामुळेच. दर सांगणारा एक, गाठोडी बांधणारा दुसरा, गाडीचा मालक तिसरा, वाटेतल्या गोदामाचा चौथा अशी साखळी तयार होते. वर्ध्यासारख्या गावातून निघालेले सामान अनेकदा लहान गाडीने आधी नागपूरला जाते आणि तिथे इतरांच्या सामानासोबत मोठ्या ट्रकमध्ये चढते. यात गैर काही नाही, अर्ध्या गाडीच्या भाड्यात काम होते. पण ही चढउतार गिऱ्हाइकाला आधी सांगितलेली नसेल, तर सामान नेमके कोणाच्या ताब्यात आहे हे विचारण्याची सोयच उरत नाही. काही बिनसले की फोनवरचा म्हणतो, आम्ही फक्त बुकिंग करतो. चालक म्हणतो, मला मालकाने सांगितले तेवढेच मी करतो.

मोठे, नावाजलेले नाव निवडले की झाले, हा सल्लाही अपुरा आहे. नावाचीच नक्कल होते. 'अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स' हे नाव चालवणारी डीआरएस लॉजिस्टिक्स ही कंपनी याच तक्रारीवरून गूगलविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. तिचे नाव टाइप करणाऱ्याला पैसे मोजणाऱ्या दुसऱ्याच व्यावसायिकांच्या जाहिराती वर दिसतात, असे तिचे म्हणणे होते. 10 ऑगस्ट 2023 रोजी खंडपीठाने निकाल दिला. जाहिरातींसाठी शोधशब्द विकणारे गूगल या व्यवहारात निव्वळ बघे नाही, आणि व्यापारचिन्हाचा भंग होत असेल तर मध्यस्थांना मिळणारे कायद्याचे संरक्षण त्याला आपोआप मिळणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. केवळ शोधशब्द वापरला म्हणून प्रत्येक वेळी भंग होतोच असे नाही, हेही त्याच निकालात आहे. घर हलवणाऱ्यासाठी यातला बोध सरळ आहे. शोधयादीत सगळ्यात वर असणे ही विकत मिळणारी जागा आहे, विश्वासाची पावती नव्हे. चांगल्या अभिप्रायांची रांग, आयएसओचा शिक्का, 'बँक असोसिएशनमान्य' हे शब्द कुणालाही आपल्या पानावर छापता येतात. इंडियन बँक्स असोसिएशन वाहतूकदारांची यादी खरोखरच ठेवते. बँकेतल्या माणसाला ती आपल्या शाखेतून पडताळता येते आणि त्याने ती पडताळावी.

दराबाबतही रूढ समज तपासून घ्यायला हवा. स्वस्त म्हणजे लबाड, हे समीकरण खरे नाही. नागपूर-हिंगणघाट-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग 44 आणि सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग यांवरून रोज असंख्य ट्रक माल उतरवून रिकामे परततात. अशा परतीच्या गाडीत सामान टाकायला मिळाले तर प्रामाणिक वाहतूकदारही कमी भाडे घेतो, कारण त्याचे डिझेल तसेही जळणारच असते. संशय यावा तो दर कमी आहे म्हणून नव्हे, तर सामान न पाहता तो सांगितला म्हणून. तीन खोल्यांचा संसार फोनवर 'किती सामान आहे' एवढे विचारून मोजता येत नाही. जो माणूस घरी येत नाही, व्हिडिओ कॉलवरही कपाट, दिवाण, फ्रिज, खोक्यांची संख्या पाहत नाही आणि तरी ठाम आकडा सांगतो, त्याला तो आकडा पाळायचाच नसतो. सामान चढून झाल्यावर 'तुम्ही सांगितले त्यापेक्षा जास्त निघाले' हे वाक्य त्याच्याकडे तयार असते. म्हणून वस्तूंची यादी, गाडीचा आकार, कोणत्या मजल्यावरून उतरवायचे आणि कोणत्या मजल्यावर चढवायचे, लिफ्ट आहे की नाही, गाडी पूर्ण की वाटून घेतलेली, जीएसटी धरून की सोडून, हे सगळे लेखी दरपत्रकात असायला हवे. यादी घरच्या माणसानेच करावी आणि दोघांनी तिच्यावर सही करावी. प्रत्येक खोक्यावर आकडा घालावा, बंद खोक्यांत काय आहे तेही लिहावे. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही हा सगळ्यात महाग पडणारा प्रकार आहे, आणि गाडी भरण्याच्या गडबडीत तो सर्रास घडतो.

आगाऊ रक्कम थोडी असावी आणि ती व्यवसायाच्या नावाच्या खात्यात जावी. यूपीआयवर पैसे पाठवताना पडद्यावर खातेदाराचे नाव येते. कंपनीच्या नावाऐवजी तिथे भलत्याच कुणा व्यक्तीचे नाव दिसले तर तिथेच थांबावे. जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहायला मिनिट लागते. कायदेशीर नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, एवढे तिथे दिसते. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक 27 ने सुरू होतो. 'पंचवीस वर्षांची परंपरा' सांगणाऱ्याची नोंदणी तीन महिन्यांपूर्वीची निघाली तर त्याचा खुलासा मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. गाडी दारात आल्यावर तिचा क्रमांकही एमपरिवहन ॲपवर तपासता येतो. पिवळी पाटी, मालवाहू म्हणून नोंद, चालू विमा आणि योग्यता प्रमाणपत्र हे किमान हवे. पाटीवर वर्ध्याचा एमएच 32 आहे की नागपूरचा एमएच 31, याला महत्त्व नाही. दरपत्रकात लिहिलेली गाडी आणि दारात उभी असलेली गाडी एकच आहे का, हे महत्त्वाचे. नसेल तर नवा क्रमांक कागदावर चढल्याशिवाय एकही खोके उचलू देऊ नये.

वाटेत उपटणाऱ्या मागण्यांपैकी करांच्या नावाने होणारी मागणी सगळ्यात जास्त चालते, कारण कराचे नाव काढले की साधा माणूस घाबरतो. चालकाचा फोन येतो: नाक्यावर गाडी धरली, ई-वे बिल नाही, दंड भरायचा आहे, लगेच पैसे टाका. वास्तविक वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक सामानाला जीएसटी नियमांनी ई-वे बिलातून सूट दिलेली आहे. जकात तर 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आल्यापासून महाराष्ट्रात कुठेच उरलेली नाही. टोल, परवाना, जादा वजनाचा दंड हा गाडीवाल्याच्या धंद्याचा खर्च आहे. तो दरात धरलेला आहे असे दरपत्रकात एका ओळीत लिहून घेतले की हा फोन निरुपयोगी होतो. पुण्या-मुंबईत पोहोचल्यावर आणखी एक प्रकार भेटू शकतो. सामान घरचीच माणसे उतरवत असताना कुणी येऊन उतराईचे पैसे मागते. माथाडी कायदा 1969 चा आहे आणि हमालांच्या कष्टाला संरक्षण देणारा तो एक महत्त्वाचा कायदा आहे. न केलेल्या कामाची मजुरी उकळण्याचा परवाना तो कुणालाही देत नाही.

आता बिल्टीकडे. हिंगणघाट, वर्धा, पुलगाव, आर्वी हा सगळा कापसाचा मुलूख. इथला कोणताही जिनिंगवाला किंवा व्यापारी रुईच्या गाठी बिल्टीशिवाय गाडीवर चढवत नाही. माल कोणाचा, कोणाला पोहोचवायचा, नग किती, वजन किती, भाडे किती, गाडी कोणती, हे त्या कागदावर नसेल तर माल निघतच नाही. हाच व्यापारी मुलाचा संसार पुण्याला पाठवताना मात्र व्हॉट्सॲपवरच्या दोन ओळींवर विसंबतो. धंद्याच्या मालाला जी शिस्त, ती घराच्या सामानाला नाही. फसवणूक होते ती नेमकी या फटीतून. घरचे सामान 'माल' नाही, त्याला कसला हिशेब, अशी एक समजूत आहे आणि ती सोडायला हवी.

कायदा असा भेद करत नाही. इंग्रजांच्या काळातला 1865 चा कॅरियर्स कायदा रद्द करून संसदेने 2007 साली रस्त्याने मालवाहतुकीचा नवा कायदा केला आणि तो 1 मार्च 2011 पासून लागू झाला. त्यातली वाहतूकदाराची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली आहे. माल गोळा करणारा, साठवणारा, पुढे पाठवणारा, बुकिंग कंपनी, कंत्राटदार, एजंट आणि दलाल हे सगळे तिच्यात येतात. 'आम्ही फक्त बुकिंग करतो' ही सबब या व्याख्येपुढे टिकत नाही. अशा प्रत्येकाने परिवहन खात्याकडे नोंदणी करायची आहे. माल देणाऱ्याने पाठवणीपत्रात मालाचे वर्णन आणि किंमत लिहायची आणि वाहतूकदाराने त्यावर माल-पावती, म्हणजे बिल्टी, द्यायची, अशी रचना आहे. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती असे थोडे अपवाद सोडले तर वाटेतल्या नुकसानीची जबाबदारी वाहतूकदारावर आहे.

या जबाबदारीला रकमेची मर्यादा मात्र आहे. 2011 च्या नियमांप्रमाणे भरपाई भाड्याच्या दहा पटींपर्यंत आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आतच मिळते. त्याहून जास्त हवी असेल तर वाढीव जोखमीचा दर आधी मान्य करावा लागतो. भाडे 20,000 रुपये असेल तर कमाल भरपाई 2 लाख. बिल्टीवर भाडे मुद्दाम 5,000 दाखवून उरलेले पैसे बांधणी आणि मजुरीच्या नावाने वेगळे घेतले, तर ती मर्यादा 50,000 वर आल्याचा दावा वाहतूकदार करू शकतो. किंमत जाहीरच केली नाही तर वाद आणखी अवघड होतो. बिल्टीवरचा भाड्याचा आणि मालाच्या किमतीचा आकडा वाचून घेणे म्हणजे केवळ हिशेबीपणा नव्हे. पुढच्या सगळ्या हक्कांची उंची तिथे ठरते.

बहुतेक बिल्ट्यांवर बारीक अक्षरात 'माल मालकाच्या जोखमीवर' असे छापलेले असते आणि ते दाखवून गिऱ्हाइकाला गप्प केले जाते. सर्वोच्च न्यायालयाने नाथ ब्रदर्स एक्झिम विरुद्ध बेस्ट रोडवेज या प्रकरणात 2000 सालीच सांगितले आहे की अशा शब्दांनी वाहतूकदार आपल्या निष्काळजीपणातून सुटत नाही. तो निकाल जुन्या कायद्याखालचा असला तरी त्यामागचा विचार आजही वाहतूकदाराला बांधून ठेवणारा आहे.

विम्याच्या बाबतीत फसवणूक जास्त सफाईने होते. दरपत्रकात सामानाच्या किमतीच्या काही टक्के 'इन्शुरन्स' म्हणून लावलेले असतात. विमा विकण्याचा अधिकार विमा नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेल्या कंपन्यांनाच आहे. पॅकर्सवाला स्वतःच्या लेटरहेडवर जे देतो तो विमा नव्हे, आश्वासन आहे. पैसे विम्याचे म्हणून घेतले असतील तर विमा कंपनीचे नाव, पॉलिसीचा क्रमांक आणि सामानाच्या यादीला जोडलेली किंमत गाडी निघण्याआधी हातात पडली पाहिजे. नाही पडली तर तेवढी रक्कम दरातून वजा करायला सांगावी. दागिने, रोकड, मूळ प्रमाणपत्रे आणि जमिनीचे कागद कोणत्याही विम्याच्या भरवशावर गाडीत जाऊ नयेत.

मोटारसायकल आणि कार यांचा वेगळा विचार करावा लागतो, कारण त्यांना कुठेही तत्काळ गिऱ्हाईक मिळते. वर्धा हे मुंबई-हावडा मार्गावरचे जंक्शन आहे आणि रेल्वेच्या पार्सल कार्यालयातून दुचाकी पाठवण्याची सोय जुनी आहे. टाकी रिकामी करायची, नोंदणी पुस्तक आणि विम्याची प्रत द्यायची, पॅकिंग करून घ्यायचे आणि पावती घ्यायची. दारापर्यंत पोहोच मिळत नाही, पण वाटेत वाढीव पैसे मागणारा फोनही येत नाही. एकट्या दुचाकीसाठी अनोळखी मूव्हर शोधण्यापेक्षा हा मार्ग बरा. याच संदर्भात एक देशभर चालणारा प्रकार पुलगावच्या परिसरात तरी प्रत्येकाला ठाऊक असावा. लष्करी जवान असल्याचे सांगून, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवून कुणी बदलीमुळे स्कूटर स्वस्तात विकतो, ती 'आर्मी ट्रान्सपोर्ट'ने निघाल्याची पावती पाठवतो आणि वाहतुकीचे पैसे टप्प्याटप्प्याने मागत राहतो. पावती बनावट, जवान बनावट आणि गाडी नसतेच. छावणीची ओळख असलेल्या गावात लष्कराच्या नावाचा आदर खोल असतो. तोच इथे वापरला जातो, म्हणून हा प्रकार विशेष संतापजनक आहे.

एवढी काळजी घेऊनही सामान अडवले गेले तर? इथे एक भेद नीट ओळखावा लागतो. ठरलेले भाडे बाकी असेल तर ते मिळेपर्यंत माल रोखण्याचा हक्क वाहतूकदार सांगू शकतो. ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त मागून माल रोखणे ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून ठरलेली बाकी देण्याची तयारी आहे असे आधी लेखी, निदान मेसेजने, कळवावे. दरपत्रक सोबत जोडावे आणि वाढीव मागणीचे कारण लेखी मागावे. बोलणे फोनवर होत राहिले तर पुरावा राहत नाही. औषधे, मुलांच्या परीक्षेची पुस्तके अशा अडचणीमुळे वाढीव रक्कम द्यावीच लागली, तर 'हरकत नोंदवून देत आहे' असे लिहून, खात्यातूनच द्यावी. रोख कधीही नाही.

अमेरिकेत आंतरराज्यीय घरसामानासाठी या अडवणुकीवर नेमका नियम आहे. अंदाजपत्रक बंधनकारक नसेल तर अंदाजाच्या 110 टक्के रक्कम मिळताच वाहतूकदाराने सामान उतरवलेच पाहिजे. उरलेल्या बाकीची मागणी नंतर करायची. भारताच्या 2007 च्या कायद्यात आणि 2011 च्या नियमांत असे कलम नाही, आणि ही त्यातली सगळ्यात मोठी उणीव आहे. नोंदणी सक्तीची करूनही तिची तपासणी दारात होत नाही, नोंदणी नसल्याचा दंड धंद्याच्या मानाने किरकोळ आहे, आणि ऐन अडवणुकीच्या क्षणी गिऱ्हाइकाला पुढे करता येईल असा एकही आकडा कायद्यात नाही. केंद्र सरकारने नियमांत अशी एक तरतूद घातली तर आज पोलीस 'हा तुमचा आपसातला व्यवहार' म्हणून परत पाठवतात ती पळवाट बंद होईल. तोवर तीच अट करारात स्वतः घालून घेता येते: लेखी दराची बाकी मिळताच सामान उतरवले जाईल, वाढीव खर्चाचा वाद नंतर सोडवला जाईल. प्रामाणिक वाहतूकदाराला ही ओळ मान्य करायला अडचण नसते.

व्यवहार दिवाणी आहे असे सांगून तक्रार नाकारली जात असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम 316 पुढे करावे. वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाचा वाहतूकदाराने केलेला अपहार हा तिथे स्वतंत्र आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. खंडणी आणि फसवणुकीची कलमे वेगळी. गुन्हा कुठेही घडला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्याला तो नोंदवून घ्यावा लागतो. त्यामुळे वर्ध्याहून निघालेले सामान तेलंगणात अडकले तरी वर्ध्यात तक्रार देता येते. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि समोरचा गायब झाला असेल तर 1930 या क्रमांकावर पहिल्या काही तासांत फोन करणे सगळ्यात उपयोगाचे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधीच ती गोठवता येते.

नुकसान आणि जादा वसुली यांची भरपाई ग्राहक आयोगात मागायची. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागण्याची सोय केली आहे. कंपनीचे कार्यालय पुण्यात असले आणि बिल्टीवर 'न्यायक्षेत्र फक्त पुणे' असे छापलेले असले तरी वर्ध्यात राहणाऱ्याला वर्ध्याच्या आयोगात जाता येते, आणि वर्धा सोडून गेलेल्याला नव्या गावातल्या आयोगात. मोजलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद केली की काही वाहतूकदार तिथेच तडजोडीला येतात. आयोगासाठी मुदत दोन वर्षांची आहे, आणि तिच्या भरवशावर राहून अनेक जण दुसरी, छोटी मुदत हुकवतात. 2007 च्या कायद्याने वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस 180 दिवसांत द्यायची आहे, आणि हे दिवस सामान हरवल्यापासून किंवा फुटलेले दिसल्यापासून नव्हे, बुकिंगच्या तारखेपासून मोजले जातात. नोटीस पोचपावतीच्या टपालाने बिल्टीवर असलेल्या पत्त्यावर पाठवावी. सोबत सही केलेली यादी, उतरवताना काढलेले फोटो आणि पैसे दिल्याचा पुरावा जोडावा, आणि उतरवून घेतानाच्या पावतीवर 'सामान तपासून घेतले' ऐवजी जे तुटले-हरवले त्याची नोंद चालकासमोरच केलेली असावी.